अळीला सवय लागत नाही

नोव्हेंबरात कापूस वेचणी जोरात असते तेव्हा आमच्या शाळेत दहावीची निम्मी बाके रिकामी असतात. जी मुले येतात तीही सकाळी वावरात चक्कर मारून आलेली असतात. अशाच एका दिवशी एका मुलाने खिशातून हिरवे बोंड काढून माझ्या टेबलावर ठेवले. वरून पाहिले तर बोंडाला काहीच झालेले नव्हते. ब्लेडने उभे चिरले, तेव्हा आत एका कप्प्यातली रुई पिवळी पडून चिकटलेली, सरकी पोखरलेली आणि त्या सरकीत डोके खुपसून बसलेली गुलाबी अळी. जेमतेम सेंटिमीटरभर.

"बीटी हाय न सर हे? मंग कशी जगली?" त्याने विचारले आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकले. "बाबा म्हंते, अळीले सवय झाली बीटीची."

बीटी म्हणजे अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी कपाशी. मुलाच्या उत्तरात वर्गात कुणालाच काही खटकले नाही. खरे सांगायचे तर वीसेक वर्षे मलाही खटकले नव्हते. डासांना कॉइलची सवय होते, जंतूंना गोळ्यांची सवय होते, किडीला फवारणीची सवय होते, हे मी स्वतः वर्गात सांगत आलो होतो. आणि त्याच वर्गात, कधी कधी त्याच तासाला, नैसर्गिक निवडीचा सिद्धांत फळ्यावर लिहून देत होतो. धडा फळ्यावर, अळी टेबलावर, आणि दोघांची गाठ काही पडत नव्हती.

उत्क्रांती शाळेत किती शिकवावी, केव्हा शिकवावी, शिकवावी की नाही, यावर देशात गेली काही वर्षे वाद चालला आहे. तो दरवेळी माकडापाशी येऊन अडतो. माझे म्हणणे असे, की हा वाद एकदा कपाशीच्या वावरात आणून बघावा. उत्क्रांती दहावी संपायच्या आत प्रत्येक मुलाला शिकवायलाच हवी, आणि ती शिकवायची सुरुवात डार्विनने पाहिलेल्या गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांपासून न करता त्याच्या खिशातल्या बोंडापासून करायला हवी.

आधी 'सवय' या शब्दाचे बघू. सवय ही एका जिवाची गोष्ट असते. लहानपणी ठेचा झोंबतो, पुढे झोंबेनासा होतो. माणूस तोच राहतो, त्याची जीभ सरावते. अळीचे असे काही होत नाही. बीटी कपाशीत तयार होणारे प्रथिन अळीच्या पोटात गेले की आतड्याच्या अस्तरावरच्या एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन धरते, मग अस्तराला भोके पडतात आणि अळी मरते. सरावायला तिला उसंतच मिळत नाही. जी अळी मरत नाही ती जन्मतःच निराळी असते. अस्तरावरचे ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकातच तिच्यात बिघाड असतो, त्यामुळे विषाला पकडायला जागा मिळत नाही. कडीच नसलेल्या दाराला कुलूप कसे लावणार? हा बिघाड तिने बीटीला तोंड देण्यासाठी करून घेतलेला नाही. असे बिघाड लाखो अळ्यांत कुठे कुठे आपोआप होतच असतात आणि एरवी त्यांना कुणी विचारत नाही. बीटी आले आणि एका बिघाडाला एकदम किंमत आली.

म्हणजे अळी बदलली नाही. अळ्यांची गर्दी बदलली. एवढे एक वाक्य मुलाला खरोखर कळले तर उत्क्रांतीचा अर्धा धडा झाला, असे मी मानतो.

ते कळावे म्हणून आता मी दरवर्षी एक खेळ घेतो. शाळेमागे काळी माती आहे. तिथे दोरीने चौकोन आखायचा, त्यात मूठभर हिरवे मूग आणि तितकेच काळे उडीद मोजून विखरायचे. चार मुले चिमण्या. मिनिटभरात एकेक दाणा चिमटीने उचलायचा. मग मातीत उरलेले मोजायचे आणि जितका जो दाणा उरला तितकेच त्याचे आणखी टाकायचे, म्हणजे त्यांना पिल्ले झाली. पुन्हा चिमण्या सोडायच्या. पहिल्या फेरीत मूग जास्त टिपले जातात, कारण ते डोळ्यात भरतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चौकोनात मूग शोधावा लागतो. शेवटी मी एकच प्रश्न विचारतो, की या चार पिढ्यांत काळे होण्याचा प्रयत्न कोणत्या मुगाने केला? मुले हसतात. एका मुलीने एकदा विचारले होते, की हेच आपण हिरवळीवर केले असते तर? मग केले. हिरवळीवर उडीद संपले.

या खेळात उत्क्रांतीला लागणारे सगळे आहे. दाण्यांत मुळात फरक होता, तो फरक पुढच्या दाण्यांत उतरत होता, आणि टिकण्याची शक्यता त्या फरकावर ठरत होती. हे तीन जमले की बाकी काही लागत नाही. कुणाची इच्छा लागत नाही, हेतू लागत नाही. 'निवड' हा आपला शब्दच खरे तर थोडा फसवतो. निवडणे म्हटले की आपल्याला सूप घेऊन बसलेली आई आठवते, खडे बाजूला काढणारी. निसर्गात सूप घेऊन कुणी बसलेले नसते. चाळणी असते, आणि चाळणीला डोळे नसतात.

आता पुन्हा बोंडाकडे. बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा तिच्यात एकच विषारी प्रथिन होते. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. पहिल्याला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत २००९ च्या सुमारास सापडली. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही ती दाद देईना, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झाले ते आमच्या घराघराला माहीत आहे. फुले उमलायच्या ऐवजी पाकळ्या एकमेकींत गुंडाळून मिटलेल्या राहिल्या. या डोमकळ्या उघडल्या की आत अळी. बोंडे फुटली ती अर्धी किडकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. कुणी बियाणे कंपन्यांना दोष दिला, कुणी बोगस बियाण्यांना, कुणी हवामानाला. प्रत्येकात थोडेफार तथ्य असेल. पण जे झाले ते कागदावर मांडता येण्याइतके साधे गणित होते, आणि त्या गणिताची निम्मी सूत्रे दहावीच्या पुस्तकात होती.

बीटीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट येई. त्यात बिगर-बीटी सरकी. ती शेताच्या कडेने लावायची होती. आमच्याकडे ते पाकीट बहुतेकांनी फेकून दिले किंवा माळ्यावर टाकले. मुद्दाम अळीला चारायला कपाशी कोण लावील? कडेला लावली तर अळ्या होतील, त्या माझ्याच बीटीवर येतील, असे साधे सरळ तर्कशास्त्र होते. दुकानदाराने कारण सांगितले नाही. शाळेने तर नाहीच.

कारण असे होते. विषाला दाद न देण्याचा हा गुण बहुतांशी अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो बिघडलेला जनुक आला तरच अळी वाचते. एकाकडून बिघडलेला आणि दुसऱ्याकडून धड आला, तर अळी बीटीवर मरते. समजा हजारात एक जनुक बिघडलेला आहे. मग दोन्ही बिघडलेले मिळण्याची शक्यता हजार गुणिले हजार, दहा लाखांत एक. शेतात फक्त बीटी असेल तर ही दहा लाखांतली एक तेवढी उरते, आणि तिला जोडीदार मिळतो तोही तिच्यासारखाच वाचलेला. त्यांची सगळी पिल्ले तशीच. हंगामात चार-पाच पिढ्या, मग गर्दी बदलायला किती वर्षे लागणार? पण कडेला बिगर-बीटीच्या ओळी असल्या, की तिथून हजारो साधे पतंग उडतात. वाचलेल्या एकटीला त्यांच्यातलाच कुणी भेटण्याची शक्यता हजारपट. त्यांच्या पिल्लांना एक जनुक धड, एक बिघडलेला. ती सगळी बीटीवर मरतात. कडेची ती अळ्यांनी भरलेली कपाशी म्हणजे बीटीची राखण होती.

आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आणि नैसर्गिक निवड मांडणारा डार्विन एकाच धड्यात असतात, पण आम्ही त्यांची ओळख करून देत नाही. वाटाण्याचे गुणोत्तर पाठ, नैसर्गिक निवडीची व्याख्या पाठ, आणि १२० ग्रॅमचे पाकीट उकिरड्यावर.

हीच अळी अमेरिकेत ॲरिझोनातही होती. तिथे १९९६ पासून बीटी लावताना बिगर-बीटीच्या ओळी काटेकोरपणे ठेवल्या गेल्या, २००६ पासून त्यांच्या जागी वांझ केलेले पतंग विमानाने सोडले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचे सरकारने जाहीर केले. चीनचे उदाहरण तर मला वर्गात सांगायला फार आवडते. यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पैसे वाचवायला संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरायला घेतली. आता दुसऱ्या पिढीत काय होते? तीनास एक. शंभरातली पंचवीस झाडे बीटीशिवाय. कुणी ठरवून केले नव्हते, पण वावरभर राखणीची झाडे विखुरली गेली आणि तिथे अळी बीटीला दाद देत राहिली. एकच अळी, एकच विष, तीन देशांत तीन निकाल. यातले कोडे दहावीच्या मुलाला सुटण्यासारखे आहे. मेंडेलचे गुणोत्तर असे उपयोगी पडताना मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

आणखी एक प्रश्न मुले स्वतःच विचारतात. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी, तिचे काय? नव्वदच्या दशकात तिनेच रडवले होते, आणि बीटी तिच्यासाठीच आले. तीही तेच विष खाते, तरी ती गुलाबीसारखी उठली नाही. कारण ती खादाड आहे. तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच, म्हणजे तिची राखण फुकटात होत होती. गुलाबी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, आणि कपाशी बघावी तिकडे बीटी. वर फरदड! जानेवारीनंतरही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, उभी ठेवून दोन वेचण्या जास्त घ्यायच्या. त्यात अळीच्या आणखी दोन पिढ्या बसतात हे लक्षात आले, की कृषी विभाग डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा म्हणून का ओरडतो ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कपाशी नसलेल्या गावातल्या वाचकाला वाटेल, हे विदर्भापुरते झाले. मग क्षयाचे घ्या. क्षयरोग्याला सुरुवातीचे दोन महिने एकदम चार औषधे का देतात, एकच जालीम औषध का देत नाहीत? त्यांतल्या आयसोनियाझिडला दाद न देणारा जिवाणू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफॅम्पिसिनला न देणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जिवाणू असतात, म्हणजे कोणतेही एकच औषध दिले तर त्याला पुरून उरणारे तिथे आधीपासूनच बसलेले असायचे. दोन्ही एकदम दिली तर दोघांना पुरून उरणारा कोटी गुणिले कोटींत एक. तेवढे जिवाणू एका छातीत मावत नाहीत. बरे वाटले म्हणून दीड महिन्यात गोळ्या सोडणाऱ्याला आपण काय सांगतो? "मध्येच सोडल्या तर जंतूंना सवय होते." पुन्हा तोच शब्द. त्याऐवजी 'साधे मेले, चिवट उरले, आता त्यांना मोकळे रान मिळेल' असे सांगितले तर ते जास्त खरे असते आणि, माझा अनुभव असा, की जास्त पटतेही. आपल्या बोलीत खरे तर याला नेमका शब्द आहेच. शेतकरी म्हणतो, कीड औषधाला दाद देत नाही. त्यात अळी शिकली असा दावा नाही. 'प्रतिकारशक्ती' हा पुस्तकी शब्द आपण शरीराच्या रोगप्रतिकारालाही वापरतो आणि किडीलाही, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आता वादाकडे येतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनात केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो शाळा-कॉलेजांतून बदलायला हवा, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला आणि प्रकरण विझले. खरा बदल त्यानंतर गाजावाजा न होता आला. कोरोनानंतर मुलांवरचा भार हलका करण्यासाठी केंद्राची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग वगळला, आणि २०२३ च्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचे नावच 'आनुवंशिकता' होऊन गेले. त्याच एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतर नागरिकांनी खुले पत्र लिहिले. सरकारचे उत्तर होते, की बारावीत आहे ना सविस्तर.

हे उत्तर मला मंत्र्यांच्या भाषणापेक्षा जास्त धोक्याचे वाटते, कारण ते वरकरणी वाजवी आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? डॉक्टर व्हायचे ठरवलेली मुले. कपाशी लावणारा, फवारणी करणारा, कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाणे विकणारा, कोंबड्या पाळणारा, पुढे सरपंच होणारा, यातले बहुतेक दहावीनंतर जीवशास्त्राच्या पुस्तकाला हात लावत नाहीत. ज्याला हा धडा रोज लागणार त्याच्यापासून तो काढायचा आणि ज्याला तो प्रवेश परीक्षेपुरता हवा त्याला द्यायचा, असा हा हिशेब आहे. आपल्या राज्यात यात आणखी एक गोष्ट येते. अकरावी-बारावीचे विज्ञान जवळजवळ सगळीकडे इंग्रजीतून शिकवतात. मराठीत शिकणाऱ्या मुलाला उत्क्रांती मराठीत भेटते ती फक्त दहावीपर्यंत.

राज्य मंडळाच्या पुस्तकात ती अजून आहे. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तो तिथे ठेवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण राज्याने २०२५ मध्ये सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचे जाहीर केले आहे, सुरुवात पहिलीपासून. वरच्या वर्गांची पाळी येईल तेव्हा दिल्लीने काय गाळले तेही आपण इमानेइतबारे गाळणार आहोत का, हे आत्ता विचारायला हवे. पुस्तक छापून आल्यावर बोंब मारण्यात अर्थ नसतो.

भाराबद्दल मी शिक्षक म्हणून बोलतो. भार आहे, खरा आहे, आणि या धड्यातही आहे. जोडणारे दुवे म्हणून पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस आणि लंगफिश पाठ करायचे. या तिघांपैकी एकही प्राणी आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, पाहणारही नाहीत. शिवाय आज जिवंत असलेला प्राणी दुसऱ्या आजच्या प्राण्यांमधला पूर्वज असल्यासारखा शिकवला, की चुलतभावाला आजोबा म्हटल्यासारखे होते. माकडाचा गोंधळ नेमका इथूनच येतो. गाळायचेच तर हे गाळा, लॅमार्क आणि डार्विनमधले 'फरक स्पष्ट करा' गाळा, पुराव्यांच्या प्रकारांची यादी निम्मी करा. निवडीचे तंत्र मात्र ठेवा, कारण त्याने बाकीचे पाठांतर कमी होते.

समजूतदार विरोधकाचा एक मुद्दा मला मान्य आहे. तो म्हणेल, गुरुजी, तुमची अळी शेवटी अळीच राहिली. त्यावरून मासा, सरडा आणि माणूस एकाच कुळातले हे कसे सिद्ध होते? बरोबर, अळीवरून ते सिद्ध होत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो आहे. त्यासाठीही गॅलापागोसला जायची गरज नाही. देवमाशाचे पूर्वज जमिनीवरचे खुरवाले प्राणी होते, याचे काही उत्तम दाखले आपल्याच उपखंडातून मिळाले आहेत. कच्छमध्ये आदिम देवमाशांची हाडे आहेत. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी गोळा केलेले दगड कित्येक वर्षे न फोडता पडून होते. ते पुढे फोडले गेले, तेव्हा त्यांत सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या, मोठ्या मांजराएवढ्या, हरणासारख्या खुरांच्या प्राण्याची हाडे निघाली. त्याच्या कानाचे हाड जाड झालेले होते, आणि असे जाड हाड ही देवमाशांची खूण. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले, प्राण्याचे नाव इंडोहायस. आमच्या पुस्तकात हा हवा होता. प्लॅटिपसपेक्षा तो मुलांच्या कितीतरी जास्त लक्षात राहील, नुसत्या नावामुळेसुद्धा.

माकडाबद्दल फार लिहीत नाही. आजच्या माकडापासून माणूस झाला असे कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. दोघांचा फार जुना पूर्वज एक होता, एवढेच म्हणणे आहे. दशावताराचे मात्र पालकसभेत हमखास निघते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे आपल्याकडे हे आधीच माहीत होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तो विज्ञानाला घरात घेऊ पाहत असतो. मी त्याला नाही म्हणत नाही, फक्त विचारतो, की मत्स्यावताराला पिल्ले झाली आणि त्यांतून कासव आले, असे कोणत्या कथेत आहे? अवतारांत एकच देव रूपे बदलतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत एकच जीव पायऱ्या चढतो. दोन्हीकडे प्रवास एकाचा आहे आणि वर जाणारा आहे. मुगाच्या खेळात प्रवास कुणाचाच नव्हता.

वर जाण्याचा हा भास आपल्या 'उत्क्रांती' या शब्दातच आहे. उत् म्हणजे वर. म्हणून आपण अळीला खालची आणि स्वतःला वरचे समजतो, आणि 'बळी तो कान पिळी' हाच डार्विनचा सिद्धांत, असे वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेऊन सांगितले जाते. २०१७ ला आमची वावरे खाणारी अळी बळी होती का? तिचा तर एक जनुक फाटका होता. बीटी नसलेल्या कपाशीवर अशा अळ्या साध्या अळ्यांपेक्षा मागे पडतात, हे ॲरिझोनातल्या प्रयोगांत दिसले आहे. बीटीच्या शेतात मात्र ती फाटकीच सवाई ठरली. कोण लायक, हे शेत ठरवते, आणि ते शेत आम्ही तयार केले होते.

हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मुठी कडधान्य, एक दोरी आणि एक किडके बोंड पुरते. शिक्षकाला थोडे प्रशिक्षण लागेल, कारण आम्हीच 'सवय' म्हणत मोठे झालो. आणि लागेल वेगळी प्रश्नपत्रिका. कारण आमच्याकडे पेपरात जे विचारतात तेच वर्गात शिकवले जाते, त्याला माझाही वर्ग अपवाद नाही. मला दहावीच्या बोर्डाच्या पेपरात एकदा असा पाच गुणांचा प्रश्न बघायचा आहे:

'एका गावात सर्व शेतकऱ्यांनी बिगर-बीटी बियाण्याची पाकिटे फेकून दिली. शेजारच्या गावात ती शेताच्या कडेने पेरली गेली. दोन्ही गावांत गुलाबी बोंडअळीच्या पुढील दहा पिढ्यांत काय होईल, ते जनुकांच्या जोड्या लिहून स्पष्ट करा. उत्तरात "सवय" हा शब्द वापरू नये.'